गोष्ट नसलेली टोपली

"कारागिरी चांगली आहे, पण उत्पादनाला गोष्ट नाही," असं म्हणून परीक्षक विरायुत सरांनी गेल्या वर्षी बुआलाईच्या टोपलीला तीन तारे दिले आणि ते जेवायला निघून गेले. तेव्हापासून बुआलाईचं जे डोकं फिरलं होतं ते अजून ताळ्यावर आलं नव्हतं. मधे भाताची लावणी झाली, कापणी झाली, गावात एक लग्न झालं आणि एक मयत झालं. लग्नातही ती याच विषयावर बोलली आणि मयतातही.

"गोष्ट म्हणे! टोपलीला गोष्ट!" बांबूची कामटी दातात धरून ती म्हणायची. "सकाळी शिजवलेला चिकट भात टोपलीत भरायचा, दुपारी शेतात उघडायचा, आणि तो मऊ लागला पाहिजे, कोमट लागला पाहिजे. संपली गोष्ट! आता यात राजकन्या कुठून आणू? राक्षस कुठून आणू? राक्षस तर तारे वाटत फिरतायत!"

गावोगावच्या हातच्या वस्तूंना सरकार तारे देतं. चार तारे मिळाले की राजधानीतल्या मोठ्या प्रदर्शनात गाळा मिळतो आणि विमानतळावरच्या दुकानात माल जातो. तीन तारे म्हणजे नापास न म्हणता केलेलं नापास. तीनवाल्यांनी जिल्ह्याच्या जत्रेत बसावं आणि माश्या माराव्यात. यंदा तर त्याहून वाईट होतं. नोंगफाय गावाच्या प्रमुखाने तोंडावर सांगून टाकलं होतं, की बंद पडलेल्या शाळेची जी खोली बुआलाईच्या गटाला विणायला दिली आहे, ती या वर्षी चौथा तारा आला नाही तर ओनसीच्या केळ्यांच्या कापांना जाईल. ओनसीला म्हणे कढया मांडायला जागा पुरत नव्हती.

ती खोली गेली की गट गेला, हे बुआलाईला पक्कं ठाऊक होतं. घरी बसून कोण विणतं? घरी बसलं की खरकटी भांडी दिसतात, नातवंडं अंगावर चढतात, समोर टीव्ही असतो. बायका पांगल्या असत्या. आणि बायका पांगल्या की आईने तिला मारून मारून शिकवलेली दुहेरी वीण तिच्याबरोबरच चितेवर चढली असती. रात्री हा विचार आला की तिला रडू यायचं, आणि रडू आलं की स्वतःचाच राग यायचा.

ओनसीच्या केळ्यांना मात्र चार तारे होते, कारण तिच्या केळ्यांना गोष्ट होती. तिच्या पणजीच्या स्वप्नात कुणी एक साधू आला आणि केळी कशी तळायची ते सांगून गेला. ही पणजी बुआलाईने लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती. तिच्या तोंडात एकही दात नव्हता आणि ती पेजेशिवाय काही खात नव्हती. कृती ओनसीने तेलाच्या पिशवीच्या मागे वाचली होती, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण विरायुत सरांच्या डोळ्यात पाणी आलं होतं ना! मग झालं.

म्हणून यंदा बुआलाईने गोष्टीचा नाद सोडून दिला आणि एक टोपली विणायला घेतली. साधीसुधी नाही. माणसाच्या उंचीची, भाताचीच टोपली, तशीच गोल, तसंच झाकण, तसेच खाली फुलीचे पाय. आत म्हशीचं रेडकू आरामात बसलं असतं. अख्खा उन्हाळा त्यात गेला. आत एक वीण, बाहेर दुसरी वीण, एक कामटी इकडची तिकडे नाही, कुठे गाठ नाही की डाग नाही. "आता बघतेच," ती म्हणाली, "डोळे असतील तर दिसेल, नाहीतर डोळ्यावर आपटीन."

जत्रेच्या दिवशी सकाळी ती टोपली नवऱ्याच्या, प्रसोपच्या, पिकअप गाडीत चढवली. बुआलाई आणि गटातल्या बायका लहान टोपल्या घेऊन मागून टमटममधून येणार होत्या.

"वाटेत कुठंही थांबायचं नाही," बुआलाईने गाडीच्या खिडकीत डोकं घालून बजावलं. "उद्या लॉटरीची सोडत आहे. ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक तिकीटवाल्याला माहीत आहे. कुठंही थांबायचं नाही म्हणजे कुठंही नाही!"

"अगं, मी काय लहान आहे का?" प्रसोप म्हणाला.

"लहान असता तर बरं होतं. बांधून ठेवलं असतं."

जत्रेच्या मैदानात बायका पोचल्या तेव्हा त्यांच्या गाळ्यापुढे ही गर्दी! लांबूनच दिसत होती. खामपुन, बुआलाईच्या गटातली सगळ्यात जुनी बाई, आनंदाने ओरडलीच, "मावशी! आपल्याच गाळ्यापुढं हो! केळ्यांकडं कुत्रं नाही!" बुआलाईच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू आलं. डोळे असलेले लोक अजून शिल्लक आहेत म्हणायचे. ती कोपराने वाट काढत पुढे घुसली.

पुढे लोक गुडघ्यावर बसले होते. चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. टोपलीच्या पोटाभोवती लाल, पिवळं आणि हिरवं कापड घट्ट गुंडाळलेलं होतं. पुढ्यात वाळूच्या डब्यात उदबत्त्यांचा जुडगा धुमसत होता, झेंडूच्या माळा पडल्या होत्या, आणि लाल सरबताच्या बाटल्या नळी खोचून ओळीने मांडल्या होत्या. एक म्हातारी टोपलीच्या झाकणाखाली पावडर चोळून त्यात उद्याच्या सोडतीचा अंक उमटतोय का ते बघत होती.

बुआलाईचं हसू जागच्या जागी मेलं.

"अहो!" तिने हाक मारली. ही हाक नोंगफायमध्ये कोंबड्यांनाही ओळखू यायची. टोपलीच्या मागून प्रसोप बाहेर आला. सकाळचा गार वारा सुटला होता आणि याच्या शर्टाला पाठीवर घामाचा नकाशा.

"हे काय आहे?"

"काय?"

"हे कापड कुणी बांधलं?"

"मी. शोभेला."

"हे मांडवाचं कापड आहे!"

"हो ना, मांडवाला एवढं शोभत होतं, म्हटलं टोपलीला का नको?"

आता, झाडाला असं कापड बांधलं की झाडात कुणीतरी राहतं, होडीला बांधलं की होडीत कुणीतरी राहतं, हे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. प्रसोपला कळत नव्हतं असं होणं शक्य नव्हतं. जो माणूस सरड्याच्या पाठीवर लॉटरीचा आकडा शोधतो, त्याला हे कळत नव्हतं? बुआलाईला काहीतरी शिजत असल्याचा वास आला. "सोडा ते," ती म्हणाली.

"आता? अगं, लोकांनी हात जोडलेत! श्रद्धेनं बांधलेलं कापड असं सोडलं तर घरात आजारपण येतं."

"श्रद्धेनं? आत्ता तर शोभेला होतं!"

"आधी शोभेला होतं. मग श्रद्धा आली."

ती पावडर चोळणारी म्हातारी मधेच वळून म्हणाली, "सोडू नका हो बाई. माझा गुडघा रात्रभर ठणकत होता. टोपलीआईला हात जोडले आणि थांबला बघा."

"आजी, तुमचा गुडघा थांबला कारण तुम्ही खाली बसलात!"

"तेच ते. तिनंच बसवलं मला," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा पावडर चोळायला लागली. आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. टोपलीआई! नावसुद्धा ठेवून झालं होतं. बुआलाईने कापडाला हात घातला, पण खामपुनने तिचं मनगट धरलं आणि डोळे मोठे करून नको नको केलं. खरं सांगायचं तर बुआलाईलाही जराशी भीती वाटली. आणि आपल्याला भीती वाटली याचा तिला भयंकर राग आला.

बरं, देवी तर देवी, निदान लहान टोपल्या तरी खपाव्यात! तेही नाही. एका शहरी बाईने एक छानशी टोपली उचलली, झाकण उघडून बघितलं, वास घेतला. बुआलाई आशेने पुढे सरकली. तेवढ्यात बाईची नजर मोठ्या टोपलीकडे गेली, तिने लहान टोपली कपाळाला लावली आणि होती तिथे ठेवून दिली.

"काय झालं? घ्या ना!"

"नको हो. हिची लेकरं ही. घरी नेऊन आंबवलेल्या माशांच्या बरणीशेजारी ठेवायची का? पाप लागेल मला."

"अहो, ती ठेवायचीच तिथं असते!"

"आणि देवीशी भाव तरी कसा करायचा?" असं म्हणून बाई निघाली. जाताना तिने शेजारच्या गाळ्यावरून उदबत्त्यांचा पुडा घेतला.

शेजारचा गाळा कुणाचा? ओनसीचा. सकाळी तिथे केळ्यांचे काप होते. आता काप मागे गेले होते आणि पुढे उदबत्त्या, झेंडूच्या माळा, पावडरीचे डबे आणि लाल सरबत. एवढ्याशा वेळात बाईने कुठून पैदा केलं देव जाणे. ओनसीचा पदर असता तर तो खोचलेला असता, अशा तोऱ्यात ती उभी होती.

"अगं बुआलाई, किती गं नशीबवान तू!" ओनसी गोड आवाजात म्हणाली. "माझ्या पणजीला नुसतं स्वप्न पडलं, तुझ्याकडं तर साक्षात आली!"

"माझ्या टोपलीपुढं धंदा मांडायला लाज नाही वाटत?"

"धंदा कसला, सेवा आहे ही. तू घे ना उदबत्ती. तुझ्याकडून काही घेणार नाही मी."

इथे बुआलाईचा ताबा सुटला. ती वळली, कमरेवर हात ठेवले, आणि तिने त्या गर्दीवर तोंड सोडलं. "उठा! उठा म्हणते ना! दहा वेळा सांगितलं, ही टोपली आहे! बांबूची! मी विणलीय! हिच्यात भात राहतो, बाकी कुणी राहत नाही!"

गर्दीने माना वळवल्या. बुआलाईचे केस सुटले होते, डोळे लाल झाले होते. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मावशीच्या अंगात आलंय."

"दहा!" दुसरं कुणीतरी म्हणालं. "दहा म्हणाली!"

"अरे, कुणाच्या अंगात आलंय? तुमच्यातल्या एकाला तरी अक्कल आहे का?"

"एक! आधी दहा, आता एक!" पेनं निघाली, मोबाईल निघाले, आणि दोन बायका सरकत पुढे येऊन बुआलाईच्या पाया पडल्या. प्रसोपचाही हात खिशातल्या पेनाकडे गेला होता, पण बायकोची नजर बघून त्याने तो डोकं खाजवायला वर नेला.

तेव्हापासून बुआलाईने आकडा तोंडातून काढायचा नाही असं ठरवलं, आणि आकड्याशिवाय माणसाला धड शिवीसुद्धा देता येत नाही हे तिच्या ध्यानात आलं. खामपुनने गाळ्यातून विचारलं, "मावशी, लहान टोपल्या किती उतरवल्या?" तेव्हा भोवतालचे सगळे कान टवकारले गेले. बुआलाईने दात आवळून सांगितलं, "पुष्कळ." एका माणसाने हिरमुसून पेनाचं टोपण लावलं.

आणि अशा वेळी, दुपारच्या भर धुरात, विरायुत सर आले.

मागे दोन मदतनीस, हातात गुणांचा कागद. संपलं सगळं, बुआलाईला वाटलं. हा माणूस आता नाक मुरडणार आणि म्हणणार, हे काय खूळ लावलंय. शाळेची खोली तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि त्या खोलीत ओनसीच्या कढया.

विरायुत सरांनी नाक मुरडलं नाही. त्यांनी बूट काढले.

"अद्भुत!" ते म्हणाले. "मावशी, गेल्या वर्षी मी तुम्हाला काय म्हणालो होतो?"

"गोष्ट नाही म्हणाला होता," बुआलाई म्हणाली. हे तिला विसरायला कुणी दिलंच नव्हतं, मुख्य म्हणजे तिने स्वतः.

"आणि आता बघा! लोकांची जिवंत श्रद्धा! अन्न, बांबू, देवी! याला म्हणतात गोष्ट. ही परंपरा किती जुनी आहे?"

"फार जुनी," प्रसोप पटकन म्हणाला.

"आज सकाळची," बुआलाई म्हणाली.

खामपुनने तिला मागून असा चिमटा काढला की तिच्या डोळ्यात पाणी आलं. विरायुत सरांना ते पाणी दिसलं आणि त्यांचेही डोळे भरले. "समजलो," ते म्हणाले. "सकाळ. शेतावर जायची वेळ. भाताचा पहिला घास." त्यांनी ते लिहून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "मावशी, आज सांगायला नको खरं तर, पण चौथा तारा तुमचाच धरून चाला."

गाळ्यातल्या बायकांनी एकमेकींचे हात घट्ट धरले. खामपुन तर तोंडावर हात ठेवून उभी होती आणि नजरेने बुआलाईला विनवत होती, गप्प बसा मावशी, आईशप्पथ गप्प बसा, खोली वाचली आपली. बुआलाईला ते कळत होतं. तिने ओठ मिटले. तारा मिळाला होता, खोली राहिली होती, आता फक्त हात जोडून "उपकार झाले" म्हणायचं होतं. तिने हात जोडलेही.

"आणि वीण?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"वीण कशी वाटली?"

"वीण काय, उत्तम असेलच की," विरायुत सर लिहिता लिहिता म्हणाले.

असेलच! हा शब्द बुआलाईच्या कानातून गेला तो थेट मस्तकात. "असेलच?" ती म्हणाली. "अख्खा उन्हाळा मी पंख्याखाली बसले नाही, वाऱ्यानं कामट्या वाळतात म्हणून! बोटं बघा ही माझी! आणि तुम्ही न बघता म्हणता असेलच? मागच्या वर्षी वीण बघितली तर गोष्ट नव्हती, यंदा गोष्ट आहे तर वीण बघायची नाही! हात लावा! झाकण उघडा! आत वाकून बघा!"

"अहो, नको, पावित्र्य असतं एकेक. भक्त दुखावतील."

"भक्तांना खड्ड्यात घाला! मला फुकटचा तारा नको! काढा ते कापड!"

"बुआलाई, नको!" प्रसोप किंचाळला आणि टोपलीला मिठी मारून उभा राहिला. "तुला तुझ्या आईची शपथ!"

"माझ्या आईचीच वीण आहे ही!" असं म्हणून बुआलाईने त्याला एका हाताने बाजूला केलं आणि दुसऱ्या हाताने कापड खेचलं. गाठ सुटली, कापड सरसर खाली आलं.

टोपलीच्या पोटावर वाटीएवढा गोल पोचा होता. शेजारी एक उभा, लांबलचक ओरखडा.

बुआलाई त्या पोच्याकडे बघत राहिली. तिचा राग तेवढ्यापुरता कुठे गेला तेच तिला कळेना. फक्त सगळ्या जगासमोर आपण स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापलं हे कळलं.

"अगंबाई," शेजारच्या गाळ्यातून ओनसी म्हणाली. "हे गं काय?"

"कसं झालं हे?" बुआलाईने नवऱ्याला विचारलं. आवाज इतका हळू होता की प्रसोप एक पाऊल मागे सरला.

"तिकीटवाला आडवा आला," तो म्हणाला.

"आडवा आला?"

"म्हणजे… तो कडेलाच बसला होता. मी आडवा गेलो. एकदम ब्रेक दाबला, आणि टोपली केबिनवर आपटली. मग उतरवताना फाळक्याची कडी लागली. तुला वाईट वाटेल म्हणून मी कापड… पण तिकीट चांगलं मिळालंय गं!"

गेलेला राग परत आला. आला तो व्याजासकट आला. बुआलाईची मूठ वर गेली, आणि प्रसोप, ज्याला या बाबतीत जन्माचा सराव होता, तो खाली वाकला. मूठ टोपलीवर बसली. भाताच्या भांड्याला पाय लागला असता, नाहीतर तिने त्याला लाथच घातली असती. आधीच्या पोच्याच्या बरोबर वर दुसरा पोचा पडला, टोपली डुगडुगली, कलली, आडवी झाली आणि गाळ्याच्या फळीवरून धडाधड खाली सुटली.

भक्त देवीला वाट करून देत दोन्ही बाजूंना पळाले. सरबताच्या बाटल्या उडाल्या. टोपली ध्वनिक्षेपकाच्या खांबावर आदळली, तिथून वळली, ओनसीच्या पावडरीच्या डब्यांमधून पांढरा धुरळा उडवत गेली, आणि विरायुत सरांकडे निघाली. सरांनी बूट काढलेले होते आणि जमिनीवर काचा होत्या, त्यामुळे त्यांना पळता येईना. टोपली त्यांच्या अंगठ्यावर चढली आणि थांबली.

"आई गं!" विरायुत सर मटकन खाली बसले.

आणि खाली बसल्यामुळे त्यांचं तोंड बरोबर टोपलीसमोर आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बुआलाईच्या टोपलीकडे जवळून बघितलं. मग त्यांनी बोट फिरवलं. मग झाकण ओढलं. झाकण निघेना, दोन्ही हातांनी ओढावं लागलं. मग ते अंगठा विसरले आणि डोकं आत घालून बघायला लागले. आतून त्यांचा घुमणारा आवाज आला, "एकही कामटी तुटलेली नाही!"

"तुटेल कशी?" बुआलाई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "तुटायला काय ती तुमची गोष्ट आहे?"

तेवढ्यात पावडरीने माखलेली ती गुडघेवाली म्हातारी टोपलीकडे बोट दाखवून किंचाळली, "तो ओरखडा म्हणजे एक! आणि एकावर एक दोन गोल, म्हणजे आठ! अठरा! टोपलीआईनं अठरा दिला!"

त्या संध्याकाळी जिल्ह्यातल्या एकाही तिकीटवाल्याकडे अठराने संपणारं तिकीट उरलं नाही.

ध्वनिक्षेपकावरून निकाल वाचला गेला तेव्हा नोंगफायच्या टोपलीला चार तारे होते. शेरा होता, "गोष्ट उत्तम. कारागिरी मार खाऊन सिद्ध झालेली." गटातल्या बायका नाचल्या. बुआलाईही हसली, पण घरी जाताना टमटममध्ये म्हणालीच, "कारागिरी दुसरी का घातली? पहिली घालायला काय झालं होतं?" प्रसोप पिकअपमधून एकटा गेला. त्या रात्री त्याला भात मिळाला, कालवण मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी सोडत झाली. शेवटचे दोन आकडे आले एक्याऐंशी.

बुआलाईला वाटलं, सुटले. आता लोक टोपलीला शिव्या घालतील आणि आपापल्या घरी जातील. पण लोक कसले जातात! म्हातारीने सगळ्यांना समजावून सांगितलं, की देवीने बरोबरच दिला होता. देवी आपल्या बाजूने बघते, आपण समोरून बघतो. आठ तिच्या डावीकडे, एक उजवीकडे. वाचणाऱ्याची चूक, देणाऱ्याची नाही. हे ऐकून हरलेल्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं आणि त्यांची श्रद्धा दुप्पट झाली.

फोन सुरू झाले. सगळ्यांना टोपली हवी होती, पण साधी नको, पोचा असलेली. राजधानीतल्या प्रदर्शनात बुआलाईने मुद्दाम बिनडागाच्या टोपल्या पुढे मांडल्या आणि वाटेत चेपलेली एक मागे लपवली. गिऱ्हाइकांनी पुढच्या बाजूला सारल्या आणि मागची ओढून काढली. "मावशींचा गुद्दा आहे ना यावर? खरा आहे ना?" विमानतळावरच्या दुकानानेही तेच कळवलं. बिनगुद्द्याचा माल पाठवू नये.

तेव्हा बुआलाईला दुसरा इलाज राहिला नाही. आईने शिकवलेली वीण आधी नीट, डोळ्यात तेल घालून विणायची, आणि मग तिच्यावर मूठ मारायची. "आईनं बघितलं तर माझं काय करील!" असं म्हणत तिने पहिली मूठ मारली, आणि मग तिला गंमत वाटायला लागली. एक विरायुत सरांच्या नावाने. एक ओनसीच्या. एक त्या गुडघ्याच्या. बाकी सगळ्या प्रसोपच्या. अख्खी गाडी तिने चहा पिता पिता भरून दिली.

पण पुढे पुढे पंचाईत झाली. शाळेची खोली गटाकडेच राहिली. गावातल्या आणखी बायका गटात आल्या, शहरात गेलेल्या दोन सुनासुद्धा वीण शिकायला येऊन बसल्या. खोलीत दिवसभर हसणं आणि खाणं. ओनसीने केळ्यांच्या पाकिटावर टोपलीआईचं चित्र छापायची परवानगी मागितली, तीही हात जोडून. बुआलाईच्या मनासारखं सगळं झालं, आणि तिचा राग संपला. नुसती लुटुपुटूची मूठ त्या विणीला लागूच होईना. पोचा पडायचा आणि डोळ्यांदेखत टुणकन वर यायचा. त्या टोपलीला पोचा पडायला खरा संताप लागत होता.

एके सकाळी खामपुन हळूच बाहेर आली. प्रसोप शाळेच्या पायरीपाशी गाडी पुसत होता.

"प्रसोपकाका, माल आज जायला पाहिजे, आणि मावशी आत गाणं म्हणतायत. काहीतरी करा."

प्रसोपने फडकं ठेवलं. शर्टाची वरची गुंडी लावली, चपला पायातून काढून हातात घेतल्या, आणि दारात उभा राहून आत डोकं घातलं. "अगं, ऐकलं का? कालचा भात जरा टचटचीत होता. ओनसी म्हणते, तिची पणजी दुहेरी वीण तुझ्या आईपेक्षा बरी काढायची."

गाणं थांबलं. "काऽऽय?" असा आवाज आला, आणि पाठोपाठ गुद्दे. एक, मग आणखी एक, मग धडाधड. प्रसोप तोवर गाडीच्या पलीकडे पोचला होता. खामपुन खिडकीतून आत बघत होती.

"अजून थोड्या राहिल्यात," ती कुजबुजली. "आणि मावशींचा श्वास लागलाय. राग उतरतोय बघा."

"काळजी करू नको," प्रसोप चपला घालत म्हणाला. "आज सकाळी तिकीट घेतलंय, ते अजून सांगितलेलं नाही."